एमबीबीएस झालं, पुढे कोणती ब्रांच?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी १० सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, आणि दहावं आमचं अंबरनाथ. सगळ्या मिळून एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या, त्यातल्या १०० अंबरनाथच्या. सोबत ४३० खाटांचं रुग्णालय मंजूर आहे.

शिवमंदिराच्या या गावात मेडिकल कॉलेज आल्याचा आनंद मोठा होता, आणि तो रास्तही होता. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सव्वानऊ लाखांच्या पुढे गेली होती. त्यानंतर बदलापूर किती वाढलं, हे संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये उभं राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तरीही रुग्ण गंभीर झाला की इथले नातेवाईक आजही कळवा, शीव, केईएम नाहीतर जेजेची वाट धरतात. म्हणून कॉलेज सुरू झाल्यापासून गावात एकच प्रश्न ऐकू येतो: इथे शिकलेली मुलं डॉक्टर होऊन इथे राहतील का? कॉलेजातल्या मुलांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न असतो, आणि तो पहिल्या वर्षापासून असतो: पुढे कोणती ब्रांच मिळेल?

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण गावाच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मुलांच्या प्रश्नात दडलेलं आहे. एमबीबीएसनंतर विद्यार्थी काय निवडतो, का निवडतो, त्याच्या हातात निवड असते तरी किती, यावर गेली अनेक दशकं चर्चा चालू आहे. ती आज कुठे येऊन पोचली आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

‘बेसिक डॉक्टर’ ते स्पेशालिस्ट

एमबीबीएस ही शेवटची पदवी असावी, की पुढच्या पदवीची पायरी? या वादाचं मूळ स्वातंत्र्याच्याही आधीचं आहे. १९४३ मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्या वेळी देशात दोन प्रकारचे डॉक्टर होते. विद्यापीठाची पदवी घेतलेले थोडे, आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेले, लायसेन्शिएट, बरेच जास्त. सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळपास ३० हजार लायसेन्शिएट होते. मुंबई इलाख्यात ‘एलसीपीएस’ ही अक्षरं नावापुढे लावणारे डॉक्टर जुन्या पिढीतल्या वाचकांना आठवत असतील.

देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला ‘बेसिक डॉक्टर’ असावा आणि त्याने आजारांच्या प्रतिबंधाकडे व समाजाच्या आरोग्याकडेही पाहावं, अशी भोर समितीची शिफारस होती. लायसेन्शिएट बंद केले तर खेड्यांना डॉक्टर कुठून मिळणार, असा आक्षेप समितीतल्याच काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिकेत नोंदवला. बहुमताची शिफारस मान्य झाली आणि लायसेन्शिएटचे अभ्यासक्रम बंद होत गेले. त्या अल्पमताने विचारलेला प्रश्न मात्र मिटला नाही. नवनव्या रूपांत तो आजवर समोर येतो आहे.

पुढच्या तीस वर्षांत ‘बेसिक डॉक्टर’ तयार झाले, पण ते शहरांत राहिले आणि त्यांतले अनेक जण एमडी-एमएसकडे वळले. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण समाजापासून तुटल्याचं स्पष्टपणे नोंदवलं. त्यातूनच १९७७ मध्ये मेडिकल कॉलेजांना ग्रामीण भागातल्या आरोग्य केंद्रांशी जोडणारी योजना आली. तिच्या नावाने गाड्या आल्या, शिबिरं झाली, पण कॉलेजचा केंद्रबिंदू शहरातलं मोठं रुग्णालय हाच राहिला. विद्यार्थी ज्यांच्याकडून शिकतो, ते सगळे प्राध्यापक स्पेशालिस्ट. त्याला रोज दिसतात ते आजार गल्लीतल्या दवाखान्यातून पुढे पाठवलेले, गुंतागुंतीचे. जनरल प्रॅक्टिस हा विषय शिकवणारा विभाग जवळपास नाहीच. साडेपाच वर्षांत ज्या डॉक्टरशी एकदाही गाठ पडली नाही, तसं होण्याची इच्छा त्या मुलाला कुठून होणार?

महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग झाला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पहिल्या वर्षातच त्या गावात राहून येते. तिथे पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी २ वर्षं मान्यताप्राप्त ग्रामीण संस्थेत काम करण्याची अटही बराच काळ होती. करिअरची पुढची पायरी आणि गावातली सेवा अशी थेट जोडणाऱ्या व्यवस्था विरळाच. देशभर एकच प्रवेशपरीक्षा आल्यावर ती अट पूर्वीसारखी टिकवणं शक्य राहिलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत कमी चर्चिलं गेलेलं नुकसान आहे.

रँकची चाळणी

कोणत्याही इंटर्नला विचारा, ‘पुढे काय करायचं ठरवलंस?’ उत्तर बहुधा असं येतं: ‘रँक येऊ दे, मग बघू.’ आजच्या व्यवस्थेचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही.

पदव्युत्तर प्रवेश एके काळी त्या त्या कॉलेजातल्या गुणांवर आणि हाउसपोस्टवर ठरत. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यातल्या निकालानंतर अखिल भारतीय कोटा आणि त्याची परीक्षा आली. महाराष्ट्राची स्वतःची पीजी-सीईटी आली. २०१३ च्या प्रवेशांपासून नीट-पीजी आली. आता साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न, ८०० गुण आणि एक क्रमांक. एमबीबीएसचे एकोणीस विषय त्यात येतात. उमेदवाराचा हात शस्त्रक्रियेत स्थिर आहे का, रुग्णाशी तो कसं बोलतो, रात्रीची ड्युटी त्याला मानवते का, यातलं काहीही त्या क्रमांकात उतरत नाही. पण या परीक्षेच्या बाजूनेही एक भक्कम गोष्ट सांगायला हवी. वशिला, देणगी आणि विभागप्रमुखाची मर्जी यांवर चालणारे प्रवेश ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या परीक्षेची किंमत ठाऊक आहे. ओळखपाळख नसलेल्या घरातल्या मुलीला केवळ गुणांवर रेडिओलॉजीला बसता येतं, ही लहान गोष्ट नाही.

अडचण संख्येची आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १० हजारांच्या वर गेल्या. पदव्युत्तर जागा ३१,१८५ वरून ७० हजारांच्या पुढे पोचल्या. म्हणजे दोन्हीकडे दुपटीहून जास्त वाढ. तरीही नीट-पीजीला आता २ लाखांहून अधिक उमेदवार बसतात, कारण मागच्या वर्षी हवी ती ब्रांच न मिळालेले पुन्हा येतात. याला मुलं ‘ड्रॉप घेणं’ म्हणतात. एक ड्रॉप, दोन ड्रॉप, कधी तीन. मॅरो, प्रेपलॅडर ही परीक्षेच्या तयारीची अॅप दुसऱ्या वर्षापासून मोबाइलमध्ये असतात, आणि शेवटच्या वर्षी व इंटर्नशिपमध्ये वॉर्डापेक्षा त्यांच्यासाठी वेळ जास्त लागतो. इंटर्नशिप हा डॉक्टरचा हात तयार होण्याचा काळ. तो परीक्षेच्या तयारीत जातो, ही तक्रार विभागप्रमुख करतात आणि मुलंही कबूल करतात. परीक्षाही वेळेवर होईलच असं नाही. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. मधले सात आठवडे मुलांनी कसे काढले, ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

इंटर्नशिप आणि परीक्षा यांची ही गाठ सोडवण्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात ‘नेक्स्ट’ ही परीक्षा सुचवली गेली. एकाच परीक्षेने एमबीबीएसची पात्रता आणि पदव्युत्तर प्रवेश दोन्ही ठरवायचे, अशी ती कल्पना. तिची अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली आहे. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. स्थानिक मुलं स्थानिक भागातच शिकून तिथेच राहतील, या अपेक्षेवर धोरण उभं करणाऱ्यांना त्या निकालाचा वेगळा विचार करावा लागेल.

हव्या त्या ब्रांच आणि नको त्या

समुपदेशनाच्या पहिल्या फेरीत वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी काय उचलतात, ते आता सर्वांना पाठ आहे: रेडिओलॉजी, त्वचारोग, जनरल मेडिसिन; त्यामागे बालरोग, स्त्रीरोग, अस्थिरोग, नेत्र. शेवटी उरतात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी, न्यायवैद्यक आणि सामाजिक आरोग्य. या ‘नॉन-क्लिनिकल’ जागा दरवर्षी मोठ्या संख्येने रिकाम्या राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तर त्या भरण्यासाठी नीट-पीजीचा पात्रता-पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला. याचा फटका कुठे बसतो, ते अंबरनाथसारख्या नव्या कॉलेजाकडे पाहिलं की कळतं. पहिल्या वर्षाला हवेत अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीचे शिक्षक. देशभर दरवर्षी नवी कॉलेजं उघडत आहेत, आणि त्यांना लागणारे हेच शिक्षक ज्या शाखांतून येतात, त्यांच्याकडे पाठ फिरवली जाते.

कारणं शोधताना बहुतेक चर्चा पैशावर येऊन थांबते. पैसा महत्त्वाचा आहेच. खासगी कॉलेजची फी भरण्यासाठी घर गहाण ठेवलेल्या कुटुंबाला मुलाने मिळकतीचा विचार करू नये, असं सांगणं क्रूर ठरेल. पण तेवढ्यावर थांबलं तर चित्र अपुरं राहतं.

वय पाहा. बारावीनंतर अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला तरी साडेपाच वर्षांनी माणूस साडेतेवीसचा होतो. एक वर्ष बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, एक वर्ष ड्रॉप, ३ वर्षं एमडी, पुन्हा बाँड. तोवर एकोणतीस-तीस. सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी ३. शाळेतले मित्र तोवर आयटीत नोकरीला लागून डोंबिवलीत फ्लॅट घेऊन बसलेले असतात. घरात लग्नाचा विषय सुरू असतो. मुलींच्या बाबतीत तर ब्रांच, लग्न आणि मूल हे तीन निर्णय एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते सोडवून पाहणं कुठल्याही प्रश्नावलीला जमलेलं नाही. ‘मुलीला गायनॅक बरं’ आणि ‘मुलीने सर्जरी कशाला’ ही वाक्यं अजून वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत, कधी कधी शिक्षकांच्याही.

भीती हा आणखी एक घटक, आणि तो वाढतो आहे. १९९५ च्या शांता खटल्यानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आल्या. रुग्णांना दाद मागण्याचा हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ज्या शाखांत क्षणात निर्णय घ्यावा लागतो, तिथे जाणारा विद्यार्थी आता दावा आणि हल्ला दोन्हींचा विचार करतो. महाराष्ट्राने डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० मध्ये कायदा केला. तरी अपघात विभागात ड्युटीला उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला रात्री दोन वाजता त्याचा आधार वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टरवर बलात्कार आणि तिची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रातले निवासी डॉक्टरही रस्त्यावर उतरले, ते केवळ एका शहरातल्या गुन्ह्यासाठी नव्हतं. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कागदावर आहे. सर्जरी किंवा मेडिसिनचा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर किती तास उभा असतो, हे रुग्णालयात रात्र काढलेल्या प्रत्येक नातेवाइकाने पाहिलं आहे. इंटर्नही तेच पाहतो, आणि मनात ठरवतो.

पाहण्यांतून काय हाती लागतं

शाखानिवडीचा अभ्यास जगभर होतो. १९९० च्या सुमारास अमेरिकी संशोधकांनी ‘ताब्यात राहणारी जीवनशैली’ ही कल्पना मांडली. ज्या शाखांत कामाचे तास आपल्या हातात राहतात, तिकडे विद्यार्थी वळतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या यादीत त्वचारोग, रेडिओलॉजी, नेत्र, मानसोपचार यांच्याबरोबर भूल आणि आकस्मिक चिकित्साही होत्या. २००३ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकातल्या एका अभ्यासाने अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बदलत्या पसंतीमागे याच घटकाचा मोठा वाटा असल्याचं दाखवलं.

ही कल्पना आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येते का? भुलेचंच उदाहरण घेऊ. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात भूलतज्ज्ञाला पाळी असते, सुटी असते. उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातला भूलतज्ज्ञ मात्र एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात धावत असतो, आणि रात्री सिझेरियनचा फोन आला की उठून निघतो. ब्रांच तीच, पण जगणं वेगळं. शाखेचं आयुष्य शाखेवर जितकं अवलंबून असतं, तितकंच ती कुठल्या गावात आणि कुठल्या व्यवस्थेत चालवायची यावर असतं. परदेशी मोजपट्ट्या वापरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

भारतात झालेल्या पाहण्या पुष्कळ आहेत, पण बहुतेकींचा साचा एक: एक कॉलेज, एक प्रश्नावली, एक दिवस. पसंतीच्या शाखा, आवडीचं कारण, परदेशी जाणार का, खेड्यात जाणार का. उत्तरांत ‘विषयाची आवड’ हे कारण वारंवार पुढे येतं. पण तिसऱ्या वर्षात ‘सर्जन होणार’ असं लिहून देणारा प्रत्यक्षात कुठे पोचला, हे दहा वर्षांनी जाऊन विचारणारा अभ्यास दुर्मीळ. इच्छा मोजली जाते, वाट मोजली जात नाही. शिवाय आवड आणि रँक यांत अंतर पडलं की माणूस मिळालेली ब्रांच आवडू लागल्याचं स्वतःला पटवतो. पुष्कळदा ती खरोखरच आवडू लागते. अशा वेळी ‘तुम्ही हीच शाखा का निवडली?’ या प्रश्नाच्या उत्तराला पुरावा मानावं का?

एका बाबतीत मात्र जगभरचे अभ्यास बरेच एकमुखी आहेत. ग्रामीण भागात वाढलेले विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० आणि २०२१ च्या शिफारशींत या गोष्टीला अग्रक्रम दिला आहे. शहरी कोचिंगच्या बळावर उत्तीर्ण होणाऱ्या प्रवेशपरीक्षेतून असे विद्यार्थी किती येतात, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मतप्रवाह

काहींचं म्हणणं असं की निवड व्यक्तीची आहे आणि ती तशीच राहू द्यावी. दहा वर्षं घासून शिकलेल्या तरुणाला तू अमुकच हो, तमुक गावीच जा, असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. जागा वाढवा, पगार नीट द्या, सुरक्षितता द्या. माणसं आपोआप पसरतील. निवासी डॉक्टरांच्या संघटनांची भूमिका साधारण अशी आहे, आणि तिच्यामागे थकव्याचा खरा अनुभव आहे.

याच्या समोर उभा आहे बाँडचा विचार. सरकारी कॉलेजात शिकवण्यावर जनतेचा पैसा खर्च होतो, तेव्हा एक वर्ष जनतेला द्या. महाराष्ट्रात बाँड मोडल्यास एमबीबीएससाठी १० लाख, एमडी-एमएससाठी ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीसाठी २ कोटी रुपये अशी दंडाची पातळी ठरली. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हा विचार सहज पटतो. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशातल्या ग्रामीण रुग्णालयांत गरजेच्या तुलनेत जवळपास ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. पण सक्तीने आलेला डॉक्टर वर्ष मोजत राहतो आणि अॅप उघडून बसतो, हाही अनुभव आहे. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात ३ महिने काम करावं लागतं. तो मधला मार्ग म्हणता येईल. त्याने पुढच्या निर्णयात फरक पडतो का, ते अजून ठरायचं आहे.

तिसरा विचार म्हणजे मुळात एवढे स्पेशालिस्ट कशाला. इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिस हीच एक मान्यताप्राप्त शाखा आहे. पदवीनंतरची २ वर्षं पायाभूत प्रशिक्षणाची आणि त्यापुढे ३ वर्षं जीपीचं प्रशिक्षण. आपल्याकडे एमबीबीएस होऊन दवाखाना टाकणाऱ्याकडे ‘काही मिळालं नाही म्हणून’ अशा नजरेने पाहिलं जातं. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी आहे, २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एमबीबीएसनंतरची २ वर्षांची पदविका ज्या शाखांत सुरू केली, त्यांतही हा विषय आहे. पण सरकारी कॉलेजांत हा विभाग जवळपास नाहीच. विभाग नसेल तर प्राध्यापक नाहीत, प्राध्यापक नसतील तर विद्यार्थ्याला आदर्श दिसत नाही. मधली रिकामी जागा महाराष्ट्रात आयुर्वेद आणि होमिओपथीच्या पदवीधरांनी भरली आहे. होमिओपॅथना आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर मर्यादित अधिकार द्यावेत का, यावरचा २०१४ पासूनचा संघर्ष २०२५ मध्ये पुन्हा संपापर्यंत पोचला. भोर समितीतल्या अल्पमताने विचारलेला प्रश्न तो हाच.

आणखी एक आवाज आहे, त्याला मतप्रवाह म्हणावं की परंपरा, हे ठरवणं कठीण. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने ही नावं ऐकलेली असतात. त्यांच्याबद्दल मनात नितांत आदर बाळगूनही असं वाटतं की त्यांचं उदाहरण देताना आपण त्यांना इतक्या उंचीवर ठेवतो की सामान्य विद्यार्थी ‘ते आपल्याला जमणारं नाही’ म्हणून मोकळा होतो. मला डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने दगावणारी मुलं त्यांनी पाहिली, पुढे मेडिसिनमध्ये एमडी केलं, महाडला दवाखाना टाकला आणि प्राझोसिनच्या उपचारावर असं काम केलं की जगाने दखल घेतली. सरकारी नोकरी, ब्रांच, खासगी दवाखाना, संशोधन. हे सगळं एकाच आयुष्यात.

आपल्या पट्ट्यात

हा पट्टा खेडं नाही आणि मुंबईही नाही. धोरणाच्या चर्चेत शहरी आणि ग्रामीण असे दोनच रकाने असतात. आपण त्यांच्यामध्ये पडतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं, अजूनही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असं बोललं जाणारं उल्हासनगर. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि रासायनिक कारखान्यांचं अंबरनाथ. मुंबईत कामाला जाणाऱ्यांचं बदलापूर. आणि पलीकडे मुरबाड-शहापूरचे आदिवासी पाडे. एकाच तासाच्या अंतरात कारखान्यातला श्वसनाचा आजार, लोकलमधून पडल्याची दुखापत, मधुमेह, सर्पदंश आणि कुपोषण असं सगळं दिसतं. शिकण्यासाठी याहून समृद्ध जागा मुंबईतही मिळणार नाही.

इथली खासगी सेवा मुख्यतः छोट्या नर्सिंग होमवर उभी राहिली. नवरा फिजिशियन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ. खाली ओपीडी, वर दहा खाटा, त्याच्यावर घर. गेल्या दोन पिढ्यांतल्या अनेकांचा जन्म अशा जागी झाला. आज एमडी होऊन बाहेर पडणारं जोडपं हा मार्ग सहसा धरत नाही. जागेच्या किमती, यंत्रसामग्री, अग्निसुरक्षा आणि इतर परवाने, विमा कंपन्यांशी व्यवहार, चोवीस तासांची जबाबदारी. त्यापेक्षा कल्याण-ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात ठरलेल्या पगारावर काम बरं वाटतं. त्याला दोष कसा द्यावा? पण दहा खाटांचं ते दवाखाना-घर बंद झालं की मधल्या दर्जाची, परवडणारी सेवा गावातून जाते, आणि तिची जागा कोण घेणार हे ठरलेलं नाही.

न सुटलेले धागे

अमेरिकेतल्या ‘मॅच’ पद्धतीत विद्यार्थी आणि रुग्णालय दोघंही एकमेकांची पसंती कळवतात, मुलाखती होतात. तिथे २०२२ पासून पहिल्या टप्प्याच्या परवाना परीक्षेचे गुणही बंद करून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलं गेलं, म्हणजे एका आकड्यावरचा भर कमी व्हावा. आपल्याकडे मुलाखत आली की तिच्या मागून वशिला येईल, ही भीती खोटी नाही. गुणवत्तेची निष्पक्षता आणि माणसाची शाखेसाठीची योग्यता ही दोन्ही सांभाळणारी पद्धत भारतात देशपातळीवर अजून आखली गेलेली नाही.

बाँडने दीर्घकाळात काही साधतं का? अडकून राहिलेला डॉक्टर पुढे स्वखुशीने राहतो का? नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून कुटुंबं दत्तक दिली जातात, निवडीचे ऐच्छिक कालावधी आले, इंटर्नशिपची रचना बदलली. यांतून कुणाच्या मनात फॅमिली डॉक्टर होण्याची इच्छा रुजली का? यांपैकी कशाचंही उत्तर एका दिवसाच्या प्रश्नावलीतून मिळणार नाही. त्यासाठी एक तुकडी पहिल्या दिवसापासून धरून ती पंधरा-वीस वर्षं सोडायची नाही, एवढाच मार्ग आहे. मूल कुठल्या गावातून आलं, घरी कोण शिकलेलं होतं, दुसऱ्या वर्षी काय व्हायचं होतं, रँक काय आली, काय मिळालं, बाँड कुठे झाला, लग्नानंतर काय बदललं, चाळिशीत ते कुठे काम करतं. खर्च फार नाही; चिकाटी लागते.

जुन्या कॉलेजांना ही सुरुवात करायला उशीर झाला आहे, अंबरनाथला नाही. कॉलेजच्या सामाजिक आरोग्य विभागाने, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साथीने, ही नोंदवही आजच उघडावी अशी मनापासून विनंती आहे. गावातल्या डॉक्टर संघटनांनीही विद्यार्थ्यांना आपल्या दवाखान्यांचे दरवाजे उघडावेत. चांगला जीपी दिवसभर काय करतो, ते मुलांना एकदा तरी पाहायला मिळू दे.

२०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या पहिल्या तुकडीचा अभ्यासक्रम वेळापत्रकाप्रमाणे झाला, तर त्या मुलांची इंटर्नशिप २०३० मध्ये संपेल.